ज्या यादीत तू अजून आहेस

भूषण,

पेपरात तुझा फोटो आला तो आधार कार्डावरचा. केस चपटे बसवलेले, मान ताठ, डोळे पोलिसांनी पकडून आणल्यासारखे. तू हवेत असतानाच्या एवढ्या फोटोंपैकी त्यांना एकही मिळाला नाही. फाट्यावरच्या बॅनरवर मात्र उडीचाच फोटो आहे. पण खाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांची तोंडं बसवायची होती, म्हणून त्यांनी तुझे पाय कापलेत. लांब उडी मारणाऱ्याचे पाय! मी बॅनरवाल्याच्या दुकानात जाऊन भांडले. तो म्हणाला, "ताई, जागाच नव्हती हो. एकाचं तोंड काढलं असतं तर दुसरा रुसला असता." तू असतास तर जमिनीवर लोळून हसला असतास. मी दुकानाच्या पायरीवर बसून राहिले.

म्हणून आता मीच लिहिते. आपल्या घरात कॉलेज पुरं करणारी मी पहिली. हे मी आधीही सगळ्यांना ऐकवायचे, आताही ऐकवते, त्यात लाजायचं काय? मी आले की तू चिडवायचास, "बी.एस्सी. उनी रे, बाजूले व्हा!" पण लिहायची वेळ आली तेव्हा सगळं घर माझ्याकडेच बघायला लागलं. मी कागद घेतला. एवढं शिकून पहिल्यांदा मनापासून लिहायला बसले, ते हे.

तुझा जन्म, शाळा, पदकं, यातलं काही मी लिहिणार नाही. ते पेपरात आलं, अर्धं चुकलेलं. तुझ्या उडीचा आकडासुद्धा इथे लिहिणार नाही. लिहिला की तो उघड्यावर पडल्यासारखा वाटतो, कुणीही यावं आणि ओलांडून जावं.

आपल्या चुलत्यांकडच्या, नानांकडच्या लग्नात तू जेवणाच्या पंगतीवरून उडी मारलीस ते आठवतं? पलीकडच्या ओळीत जिलेबी वाढणं चालू होतं आणि तुला वळसा घालून जायचा कंटाळा. बसलेली माणसं, ताटं, वरणाची बादली, सगळ्यावरून गेलास आणि पलीकडे नवरीच्या मामांच्या मांडीत पडलास. नानांनी मांडवाच्या मागे नेऊन तुला बदडलं. मार खाताना तू मला विचारत होतास, "अक्का, वरणले पाय लागना का?" नव्हता लागला. हा उडीतच नाव काढणार हे मी तेव्हाच ओळखलं, असं मी आता लोकांना सांगते. खोटं आहे. मला तेव्हा फक्त लाज वाटली होती.

मग धुळ्यातलं देवपूरचं मैदान. माझं कॉलेज सुटलं की मी डबा घेऊन तुझ्या उडीच्या पिटशेजारी बसायचे. पिट म्हणायला पिट. पाऊस पडून गेला की वाळू सिमेंटसारखी बसायची, वर गवत, आत बाटल्यांच्या काचा, कुत्र्यांनी पोरं घातलेली. तू आधी कुत्रीला हात जोडायचास, मग फावडं घ्यायचास. खणून, पाणी मारून, दाताळ्याने सारखं करून उडी मारेपर्यंत घामाने निथळायचास. आपल्या सोनगीरची माणसं बसमधून तुला त्या अवस्थेत बघायची आणि घरी सांगायची, "आप्पा, तुना पोऱ्या धुळ्याले मजुरीले जास का?"

पुण्याला राज्याच्या स्पर्धेत तू ती उडी मारलीस तेव्हा आप्पा माझ्या शेजारी बसले होते. पांढरी टोपी, नवी चप्पल, पिशवीत भाकरी. तू धावलास, उडालास, वाळूत बसलास. आप्पा ताडकन उठले, "पडना का तो?"

"आप्पा, पडायचंच असतं."

"मंग समदा वरडतस काबरं?"

माइकवर तुझं आडनाव चुकीचं घेतलं. पण रेकॉर्ड म्हणाले, ते बरोबर म्हणाले. ज्युनियर गटाचा राज्याचा रेकॉर्ड. आप्पांनी शेजारच्या अनोळखी माणसाला भाकरी दिली. त्याने ती खाल्ली पण. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस विचारलास तर माझ्या पदवीचा नाही, तो. हे तुला मी कधी सांगितलं नाही. तुझ्या डोक्यात हवा गेली असती.

आणि मग तुझं वय वाढलं. दुसरा काही गुन्हा तू केला नाहीस. ज्युनियर संपलं, सिनियरमध्ये गेलास आणि तिथे तुझ्यापुढे उडी मारणारे रांगेने उभे होते. तीच उडी, तेच पाय, पण आता कुणी नाव विचारेना. सत्कार करणारे ओळख देईनात. ज्यांनी फेट्यासकट फोटो काढले होते त्यांना नोकरीचं विचारायला गेलास, तर म्हणाले, "ज्युनियरचं सर्टिफिकेट आहे ना? ते काय चालत नाही बुवा."

तिथून आपलं भांडण सुरू झालं. तू म्हणालास, पोलीस भरती. मी म्हणाले, उडी. घर मी बघते, शाळेतला पगार आहे, तू सिनियरमध्ये वर येईपर्यंत काही बघू नको. तू म्हणालास, "अक्का, तू किती दिवस बघशी? तुनं लगीन नही का करनं?" मी म्हणाले, "माझं लग्न तुझ्या उडीला आडवं येत नाही." तू म्हणालास, "ते तू नको सांगू, तुना नवऱ्याले सांगू दे." आई हसली. मी ताट सरकवून उठले. मला आजही वाटतं माझंच बरोबर होतं. तू इथे असतास तरी हेच म्हणाले असते आणि तू तोंड वाकडं केलं असतंस. भांडण अर्धवट राहिलंय, भूषण. माझ्या बाजूचं सगळं अजून माझ्याकडे तसंच आहे. आता ते कुणाला ऐकवू?

मग तू रोज पहाटे गावच्या किल्ल्यावर पळायला जायला लागलास. किल्ला चढला की मांड्यांना जोर येतो, म्हणालास. मी खूश. वाटलं, ऐकलं माझं. मैत्रिणींना सांगितलं, माझ्या भावाने भरतीचं डोक्यातून काढलं. तू किल्ल्यावर जात नव्हतास. भरतीला सपाट रस्त्यावरचं पळणं लागतं म्हणून हायवेच्या कडेने पळत होतास. गावातली सगळी भरतीची पोरं तिथेच पळतात. दुसरी जागा कुठे आहे? त्या गाडीचा नंबरसुद्धा कुणी बघितला नाही. फोन आला तेव्हा मी त्या माणसाला ठणकावून सांगितलं, "तो माझा भाऊ नाही. माझा भाऊ किल्ल्यावर गेलाय."

यापुढचं मी लिहिणार नाही.

घरी आई एकच गोष्ट विचारते. बॅनरवर तुझ्या नावाआधी 'कै.' आहे, ते तिने कुणाकडून तरी वाचून घेतलं. पत्रिकेत आहे, पेपरात आहे, शाळेच्या फळ्यावर आहे. एक दिवस मला म्हणाली, "ती तुना मोबाईलमधली यादी शे ना, रेकॉर्डनी? तठे बी कैलासवासी लिखेल शे का?"

मी यादी उघडली. लांब उडी, ज्युनियर मुलं, भूषण.

"नाही माय. तिथे नुसतं नाव आहे."

"मंग तठे तो शे," आई म्हणाली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी दिवा लावला की विचारते, "शे ना?" मी उघडून दाखवते. तिला वाचता येत नाही, पण तुझं नाव कितव्या ओळीत आहे ते आता तिला कळतं. बोट ठेवते. काचेवर तिच्या बोटाचा तेलकट डाग राहतो आणि मी तो पुसत नाही.

आता सिद्धार्थचं सांगते.

पारोळ्याच्या या मुलाला तू जवळ केलंस तेव्हाच मला ते आवडलं नव्हतं. मुलगा वाईट नाही. तोंडातून शब्द निघत नाही त्याच्या, बूट बाहेर काढून ओट्यावर बसतो, चहाचा कप स्वतः विसळून ठेवतो. पण तो उडी मारतो आणि अजून ज्युनियर आहे. एसटीने धुळ्याला यायचा, तू त्याच्यासाठी पिट खणायचास. दिवाळीच्या आधी जेवताना तू म्हणालास, "सिद्ध्या यंदा मना रेकॉर्ड मोडस, देखी ले."

मी म्हणाले, "वेडा आहेस का? आपल्या हाताने आपलं नाव पुसतोस?"

"अक्का, रेकॉर्ड काय म्हैस शे का, घरमा बांधी ठेवाले?"

"आहे! म्हैसच आहे. आपल्याकडे दुसरं काय आहे?"

"मोडना नही तर समदा इसरी जातस," तू शांतपणे म्हणालास. "मोडना का लोक इचारतस, आधी कोना व्हता? मना डोयासमोर मोडाले पाहिजे."

तेवढी तुझी इच्छा होती. लग्न नाही, गाडी नाही, भरती पण नाही. हे तू फक्त मला सांगितलंस आणि मी रागाने, तू शेवभाजीला तिखट म्हणालास एवढं निमित्त करून, तुला दुसरी भाकरी दिली नाही. तू उठून स्वतः घेतलीस.

राख सावडायच्या दिवशी सिद्धार्थ घरी आला. ओट्यावर बसला. मी पाणी दिलं. पेला विसळून ठेवला आणि म्हणाला, "ताई, राज्याच्या स्पर्धेला मी जात नाही. दादांचा रेकॉर्ड मी मोडणार नाही. राहू द्या तो त्यांच्या नावावर." ज्युनियरमधलं त्याचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी तोही त्याच रांगेत उभा राहणार, जिथे तू उभा होतास. हे त्याला कळत होतं, मला कळत होतं. आत आई भिंतीला टेकून बसली होती.

मी म्हणाले, "चहा घे."

आणि मला बरं वाटलं, भूषण. तू गेल्यापासून पहिल्यांदा श्वास पोटापर्यंत गेला.

तुझ्या दशक्रियेला पांझरेवर जायला मी निघाले तर नाना आडवे आले, "बाया नदीवर येतस का कधी?" मी चपला घातल्या. आप्पा म्हणाले, "येऊ द्या तिले. त्यानी बहीण शे." पिंड आप्पांनीच ठेवला. बापाने पोराचा. भातावर शेवभाजी, जिलेबी, शेजारी तुझे स्पाइक्सचे बूट कुणीतरी आणून ठेवलेले. नदीला पाणी कमी, जलपर्णी जास्त. पलीकडच्या तारेवर कावळे बसले होते, भरपूर होते. एकही उतरेना.

गुरुजी म्हणाले, "काही मनात राहिलंय का त्याच्या? घरच्यांनी आठवा, बोला."

माझा या गोष्टींवर विश्वास नाही, तुला माहीत आहे. कावळा भुकेला असला की येतो, नसला की नाही. पण दहा माणसं हात जोडून एका पक्ष्याची मनधरणी करताना बघितली की विज्ञान जिभेवर येत नाही. नाना पुढे झाले, "भूषण, तुना मायबापले आम्ही सांभायसूत!" कावळे तसेच. मामा म्हणाले, "त्याले गाडी लेनी व्हती. गाडी लेसूत रे भो!" मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "आते कोन चालवी ती?" मामांनी वळून बघितलं. मग कुणी म्हणालं भरती, कुणी म्हणालं लग्न. एका म्हाताऱ्याने तर सप्तशृंगीचा नवस काढला. ऊन चढलं. गुरुजींना दुसरीकडे जायचं होतं, त्यांनी घड्याळ बघून बाही खाली ओढली.

आप्पा पिंडावरच्या माश्या वारत होते. मग माझ्याकडे वळले. डोळे कोरडे होते, पण आत कुणी नव्हतं.

"माय, तुले काही सांगी गया का तो? तुन्हासंगेच बोले."

मला माहीत होतं. त्या सगळ्या घाटावर फक्त मला माहीत होतं. सिद्धार्थ मागे बाभळीजवळ उभा होता, ट्रॅक पँटमध्ये, हात मागे बांधून. मी बोलले नसते तर तो गेला नसता. तो गेला नसता तर यादी तशीच राहिली असती, वर्ष, दोन वर्षं, कदाचित दहा. आईचं बोट रोज त्याच ओळीवर टेकलं असतं. मला फक्त मान हलवायची होती. नाही आप्पा, काही नाही सांगितलं. आप्पांनी मानलं असतं. त्यांनी माझं कधी काय मानलं नाही?

पण ते 'बोले' म्हणाले ना, त्याने माझी वाट बंद केली. तू खरंच माझ्याशीच बोलायचास.

मी म्हणाले, "भूषण, सिद्धार्थ राज्याला जाईल. तुझा रेकॉर्ड मोडायला जाईल."

आवाज मोठा निघाला. वर्गात निघतो तसा. नानांनी चमकून बघितलं. आप्पांना आधी कळलं नाही, मग कळलं. त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली, हो, हे त्याचंच बोलणं, अशी.

सगळे तारेकडे बघायला लागले. मीसुद्धा बघितलं. लाज वाटते सांगायला, पण मी, बी.एस्सी., हात जोडून त्या तारेकडे बघत होते की ये रे, आता तरी ये, एवढं दिलं मी.

कावळा आला नाही.

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला शिववला. नाना पाय धुताना म्हणाले, "शिकेल पोरनं बी कावया ऐकस नही." कुणी हसलं नाही. आप्पांनी स्पाइक्स उचलून पिशवीत घातले.

घाट चढताना सिद्धार्थ मागून आला. "ताई, तुम्ही ते मनापासून बोलल्या का?"

"नाही," मी म्हणाले. "मनापासून व्हायला वेळ लागेल. तू तोवर सराव सोडू नको."

तो माझ्या बरोबरीने चालू लागला. मग म्हणाला, "उडी घेताना माझा पाय फळीच्या, बोर्डाच्या पुढे जातो. उडी चांगली पडते पण फाऊल होते. दादा बोर्डापाशी बसून बघायचे. आता कोण बघेल?"

मी त्याच्याकडे बघितलं. या मुलाला रडायला सुद्धा येत नव्हतं, तो पायाचं विचारत होता. तूही असंच केलं असतंस.

"मी बघते," म्हणाले.

काल गेलो आम्ही देवपूरला. त्याने पिट खणला, मी पाणी मारलं. बोर्डाच्या पुढे ओली माती पसरली, पाय पडला तर ठसा उमटावा म्हणून. मी उकिडवी बसले, तू बसायचास त्या बाजूला. मला उडीतलं काही कळत नाही. पण पाय पुढे गेला की मागे राहिला, एवढं कुणालाही दिसतं.

पहिल्यांदा तो आला, मातीत अंगठ्याचा ठसा. मी ओरडले, "फाऊल!" आणि भूषण, मला आनंद झाला. खोटं सांगत नाही. आतून उकळी आली. दुसऱ्यांदा पुन्हा ठसा, पुन्हा "फाऊल!" तो मान खाली घालून परत रनअपला गेला. मला वाटलं, असंच होऊ दे. रोज येईन मी, रोज ओरडेन.

तिसऱ्यांदा तो आला तेव्हा बोर्डावर पाय पडल्याचा आवाजच वेगळा आला. माझ्या तोंडासमोरून गेला तो. किती वेळ वर राहिला कोण जाणे. वाळूत पडला ते कुठे पडला हे मी बघितलंच नाही, बघवलं नसतं. मी मातीकडे बघत होते. माती सपाट. मुंगीचासुद्धा पाय नाही.

तो वाळूत बसल्या बसल्या वळला. "ताई?"

मैदानात दुसरं कुणी नव्हतं. मी काय म्हणेन ते त्याने मानलं असतं. माझा हात मातीच्या इतका जवळ होता की एक बोट टेकवलं असतं तरी पुरे.

"ताई, काय झालं? पाय गेला का?"

मी हात मांडीवर ठेवला. पहिल्यांदा नीट निघालं नाही, म्हणून दुसऱ्यांदा म्हणाले. त्याला ऐकू जाईल असं.

"नाही गेला. बरोबर आहे."